अडतीस जणांचा होकार

शेवटचं मूल घुमटाच्या कापडी बोगद्यातून रांगत आत आलं, तेव्हा आकाशबाईंनी त्याच्या डोक्यावर तळवा ठेवला आणि मनातला आकडा पूर्ण केला. अडतीस. दुसरीचा वर्ग आत आला. मूल क्षणभर आशीर्वाद मिळाल्यासारखं तिथंच थबकलं, मग गुडघ्यांवर सरकत कुणाच्या तरी मांडीवर जाऊन आदळलं आणि नेहमीचा कालवा सुरू झाला.

"बाई, हा माझ्या पायावर बसला!"

"बाई, हे हलतंय!"

"बाई, हा फुगा फुटला तर?"

"फुटला तर आपण सगळे थेट आकाशात," आकाशबाई म्हणाल्या. गेली पंधरा वर्षं त्या हेच उत्तर देत होत्या आणि पंधरा वर्षं त्यावर तेवढाच हशा पिकत होता.

फुगा म्हणजे घुमट. जाड काळ्या कापडाचा, पंख्याच्या हवेवर फुगणारा, शाळेच्या सभागृहात जेमतेम मावणारा. बाहेरून पाहिलं तर एखादं अगडबंब जनावर पोटभर जेवून आडवं झाल्यासारखं दिसे. आत मधोमध तिपाईवर प्रोजेक्टर होता. त्याचं फुगीर भिंग छताकडे रोखलेलं असे आणि ते चालू झालं की अख्खं छत आकाश होऊन जाई. बाईंचं खरं नाव शाळांच्या पत्रांमधूनसुद्धा कधीच पुसलं गेलं होतं. 'आकाशबाईंना अमुक तारखेस पाठवावे', असंच लिहून येई.

डोक्यावर हात ठेवून मोजायची पद्धत मात्र पंधरा वर्षांची नव्हती. ती वर्षभरातली. शिक्षकांना वाटे, काय ही माया! बाई तसं वाटू देत. खरी गोष्ट अशी होती, की बसण्यापुरत्या लावलेल्या त्या मिणमिणत्या पिवळ्या दिव्यात त्यांना मुलं दिसतच नव्हती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, आधी अंधारातलं जाईल, मग कडेकडेचं जाईल, मधलं बरीच वर्षं टिकेल. डॉक्टर शब्दाला पक्के निघाले. आधी बारीक तारे गेले. मग आकाशगंगेचा पट्टा गेला, धूमकेतू गेला. सूर्य तेवढा एका पिवळट डागापुरता शिल्लक होता, तोही सहामाही परीक्षेच्या सुमारास गेला. उजेडात बाई पेपर वाचत, भाजी निवडत, सुईत दोरा ओवत. फक्त दारांच्या चौकटी खांद्याला लागत, आणि बाई त्या चौकटींनाच दोन शब्द सुनावून पुढे जात.

ही गोष्ट फक्त थोरल्या भावाला माहीत होती. गाडी चालवणं, घुमट फुगवणं आणि गुंडाळणं हे त्याचं काम. हा फिरता घुमट चालवणाऱ्या संस्थेला कळलं असतं तर तिथल्या लोकांनी बाईंना काढून टाकलं नसतं. माणसं भली होती, हीच तर पंचाईत होती. कचेरीत खिडकीजवळचं टेबल दिलं असतं, पत्रांना उत्तरं लिहायला. घुमटात ध्वनिमुद्रित आवाज लावला असता. तो तयारच होता. गोड, शुद्ध, आणि एकाही पोराच्या प्रश्नासाठी न थांबणारा. बाईंनी तो एकदा ऐकला होता आणि त्या रात्री त्यांना जेवण गेलं नव्हतं. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं, हे सरळ सांगितलेलं बरं. घर होतं ते झोपण्यापुरतं, नातलग होते ते कार्यापुरते. अंधारात पडलेल्या पोरांनी शनी दिसताच एकदम श्वास आत ओढला, की त्या आवाजावर बाई पुढचा दिवस ढकलत.

म्हणून त्यांनी युक्ती काढली होती. चित्र आपल्याला दिसत नाही, पण मुलांना तर दिसतं? मग मुलांनाच विचारायचं. 'चंद्रावरचे खड्डे दिसले का?' 'हो ऽऽ!' म्हणजे चंद्र जागेवर आहे. 'शनीचं कडं?' 'हो ऽऽ!' म्हणजे पुढचं बटण दाबायला हरकत नाही. हातातल्या रिमोटच्या बटणांवर त्यांनी औषधी पट्टीचे बारीक तुकडे चिकटवले होते, एकावर एक, दुसऱ्यावर दोन. वर्षभर सगळं बिनबोभाट चाललं होतं. मुलं खोटं बोलत नाहीत, असं त्यांचं ठाम मत होतं. पंधरा वर्षं प्राथमिक शाळांमधून हिंडलेल्या बाईने असं मत बाळगावं, याला काय म्हणावं देव जाणे.

भीती होती ती मोठ्या माणसांची. नियमाप्रमाणे प्रत्येक वर्गाबरोबर एक शिक्षक आत बसायचा. तो आत असला की बाईंच्या पाठीला घाम फुटे.

आजही सगळी मुलं बसल्यावर त्यांनी भिंगाकडे हात नेला, तेवढ्यात बोगद्याच्या तोंडाशी खुडबुड झाली. दुसरीच्या वर्गशिक्षिकेने डोकं आत घातलं होतं. मुलगी तरुण होती, नोकरीला लागून दोन वर्षंसुद्धा झाली नसतील.

"मॅडम, मी बाहेर बसले तर चालेल का हो? वह्या तपासायच्या राहिल्यात. उद्या पालक यायचेत."

"अहो बसा की! खुशाल बसा," बाई म्हणाल्या. "मुलं शहाणी आहेत तुमची."

"त्रास दिला तर नावं सांगा मला."

डोकं बाहेर गेलं. बाईंचा जीव भांड्यात पडला. आता बावीस मिनिटं हे आकाश फक्त आपलं आणि पोरांचं, या आनंदात त्यांनी हात मागे घेतला, दिवा मालवला आणि पहिलं बटण दाबलं.

काळोख झाला आणि अडतीस जणांनी मिळून किंकाळी फोडली. ती ठरलेलीच. मग स्पीकरमधून यानाचा गडगडाट सुरू झाला.

"निघालो रे आपण! पाठ टेका, मान वर करा. घर मागे राहिलं, शाळा मागे राहिली..."

"गृहपाठ पण राहिला!" कुणीतरी ओरडलं.

"गृहपाठ येतोय आपल्या मागे धावत. चला, चंद्र दिसला का?"

जरासा वेळ गेला. मग "हो ऽ" आलं, पण विस्कटलेलं, पुढच्या ओळीतून चार, मागून दोन.

"यानाचा आवाज केवढा आहे! मला ऐकू नाही आलं."

"हो ऽऽऽ!"

"हां. आणि खड्डे?"

"हो ऽऽऽ!"

"बाई, काहीच दिसत नाही."

आवाज मुलीचा होता, सर्दीने बसलेला, घोगरा. बाई हसल्या. असं एखादं मूल प्रत्येक खेळाला निघतं. उजेडातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, आणि काही मुलांना तेवढाही दम नसतो.

"कोण ते? डोळे मीट बघू. दहापर्यंत मोज आणि मग उघड."

मुलीने मोजलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं, एकेक आकडा नीट म्हणत.

"उघडले, बाई. अंधारच आहे."

हशा झाला. "बाई, ती नेहमी असंच करते!" एका मुलाने तक्रार गुदरली.

"अवकाशात अंधारच असतो, बाळा," बाई म्हणाल्या. हे त्यांचं लाडकं भाषण होतं. ते एका शाळेत फळ्यावर लिहिलेलंही त्यांनी पाहिलं होतं. "घाई करणाऱ्याला अंधार दिसतो आणि धीर धरणाऱ्याला तारे दिसतात. काय रे, बाकीच्यांना दिसतंय की नाही?"

"दिसतंय ऽऽऽ!"

"बघ. सदतीस जणांना दिसतंय, मग तुला एकटीलाच कसं दिसणार नाही? नीट बघ."

घोगरा आवाज गप्प झाला.

मंगळ झाला. गुरू झाला. शनीच्या वेळी बाई नेहमीप्रमाणे बोलायच्या थांबल्या, त्या श्वासाची वाट बघत. तो आला नाही. कुणीतरी खोकलं, कुणाचं तरी पाऊल कापडावर घासलं. दुपारच्या सुट्टीनंतरचा खेळ, पोरं जेवून सुस्तावलीत, त्यांनी स्वतःची समजूत घातली.

"कडं दिसलं का शनीचं?"

"हो ऽऽऽ!"

"आणि आपल्या मघाच्या पाहुणीला? तिला दिसलं का?"

आता सगळा घुमट कान देऊन ऐकत होता.

"दिसलं," घोगरा आवाज म्हणाला.

"शाबास! टाळ्या वाजवा रे तिच्यासाठी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कापड थरथरलं. बाईंना मनापासून बरं वाटलं.

"बाई, तो हिरवा ठिपका कोण?" पुढून एकाने विचारलं.

"हिरवट दिसतोय ना? तो युरेनस! हुशार आहेस. सगळ्यांना सापडला का?"

"हो! तो काय! खाली!"

खाली कसा, युरेनस तर माथ्यावर येतो, असं बाईंच्या मनात आलं. पण पोरं उलटीसुलटी लोळत असणार, त्यांचं वर काय आणि खाली काय! त्यांनी पुढचं बटण दाबलं.

खेळ संपला. दिवा लागला. मुलं एकमेकांना ढकलत बोगद्यातून बाहेर गेली आणि त्यांचा गोंगाट सभागृह ओलांडून वर्गाकडे गेला. चौथीची पोरं यायला दहा मिनिटं होती. मुलांच्या पायांनी उडालेली धूळ भिंगावर बसते, म्हणून प्रत्येक खेळानंतर ते पुसायचं असतं. बाईंनी खिशातून मऊ फडकं काढलं आणि भिंगावर ठेवलं.

बोटांना गार, गुळगुळीत फुगवटा लागायला हवा होता. लागलं ते सपाट, खरखरीत प्लास्टिक. भिंगाचं झाकण.

त्यांना आधी काही उमगेचना. त्यांनी झाकणावरून दोनदा बोटं फिरवली. मग त्या सावकाश खाली बसल्या. मुलं आत येईपर्यंत झाकण लावलेलं असतं, मुलं बसली की ते काढून खिशात टाकायचं, मग दिवा मालवायचा. वर्षानुवर्षांचा क्रम. आज हात भिंगापर्यंत गेला होता, वर्गशिक्षिकेचं डोकं आत आलं होतं, आणि हात रिकामाच परतला होता.

म्हणजे चंद्र नव्हता. खड्डे नव्हते. मंगळ, गुरू, शनी, काही काही नव्हतं. बावीस मिनिटं काळोखात मुलांना उताणं झोपवून त्यांनी फक्त आवाज ऐकवला होता. आणि युरेनस म्हणजे यंत्राच्या बुडाशी जळणारा तो इवलासा हिरवा दिवा, मशीन चालू आहे हे सांगणारा.

आणि तरी हो. प्रत्येक वेळी हो.

आज हे हाताला लागलं म्हणून कळलं. परवा? गेल्या महिन्यात? चित्र अडकलं असेल, उलटं आलं असेल, भिंगावर डाग असेल, तेव्हाही पोरं अशीच हो म्हणाली असतील. बाईंना वाटत होतं आपण पोरांच्या डोळ्यांनी बघतोय. पोरांना घरी आणि शाळेत मिळून एकच गोष्ट पक्की शिकवलेली, मोठ्या माणसाने विचारलं की हो म्हणायचं. वर्षभर त्या कशाच्या भरवशावर आकाश दाखवत होत्या, हे आता त्यांना कळलं.

एकच मूल खरं बोललं होतं. त्यालाही त्यांनी टाळ्या वाजवून नीट वळण लावलं होतं.

बाहेर भाऊ पंख्याशेजारी स्टुलावर चहा पीत बसला होता. बाई बोगद्यातून रांगत आल्या, उठल्या आणि सगळं दोन वाक्यांत सांगितलं. त्याने कप खाली ठेवला.

"कुणाच्या लक्षात आलं?"

"नाही."

"मग झालं तर. माणूस आहे, चुकतो. झाकण काढलंस ना आता?"

"एका पोरीच्या लक्षात आलं होतं, भाऊ. ती दोनदा म्हणाली. मी तिला हसले. सगळ्यांना हसायला लावलं."

"मुलं विसरतात गं. उद्या तिला तुझं तोंडही आठवणार नाही."

"मी वर्गात जाऊन येते."

"जाऊन काय सांगणार?" त्याने आवाज खाली आणला. "हे बघ, तू झाकण राहिलं म्हणालीस की पुढचा प्रश्न काय येणार? बावीस मिनिटं तुम्हाला कसं नाही दिसलं, हा. मग? शाळांच्या वार्षिक परीक्षा होईपर्यंत दम काढ, मग बघू, असं तूच मला म्हणत होतीस ना? संध्याकाळपर्यंत संस्थेत फोन जाईल. उद्यापासून तू त्या टेबलावर आणि मी त्या रेकॉर्डला घेऊन गावोगाव."

"माहितीये मला."

"मग बस ना गप. तुला हात जोडतो."

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्या भिंतीच्या कडेने वर्गाकडे निघाल्या. सभागृहाच्या दाराची चौकट खांद्याला लागली. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत.

दुसरीच्या वर्गात सगळे खाली मान घालून चित्रं काढत होते. 'आज मी काय पाहिलं', असं फळ्यावर लिहिलं होतं. खिडक्यांमधून भरपूर उजेड येत होता आणि त्या उजेडात बाईंना समोरचं छान दिसत होतं, हातात धरलेल्या ताटलीएवढं. त्या ताटलीत एकेक बाक येत गेला. शनी. शनी. शनी आणि रॉकेट. लाल मंगळ. खड्ड्यांचा चंद्र. सकाळी पहिलीच्या वर्गाने खरं आकाश पाहून जशी चित्रं काढली होती, तश्शीच. दोन गठ्ठे शेजारी ठेवले असते तर कुठला कुठला ते ओळखता आलं नसतं.

"या ना मॅडम!" वर्गशिक्षिका वह्यांमधून उठली. "बघा, काय रंगलीत! एवढी शांत कधी बसत नाहीत."

"मुलांनो," बाई म्हणाल्या. "मघाशी 'काही दिसत नाही' असं कोण म्हणालं होतं?"

पेन्सिली खाली पडल्या आणि बोटं वर झाली. कुणाला तरी बोलणी बसणार, म्हटल्यावर वर्गात असा उत्साह संचारतो.

"ही, बाई, ही!"

"बाई, ही म्हणाली होती!"

बोटांच्या टोकाशी दुसऱ्या बाकावर एक मुलगी उभी राहिली. बारीकशी, निळा स्वेटर, नाक लाल झालेलं.

"काय गं?" वर्गशिक्षिकेने विचारलं. "मॅडमना त्रास दिलास?"

"नाही, तिने काही केलेलं नाही," बाई म्हणाल्या. "तिचं बरोबर होतं. माझंच चुकलं. प्रोजेक्टरचं झाकण काढायचं राहून गेलं होतं. आत काही नव्हतंच. नुसता अंधार होता."

वर्गशिक्षिका हसली, मग थांबली.

"सबंध वेळ? पण मग तुम्हाला... म्हणजे तुम्ही तर तिथेच होतात ना?"

"मला अंधारात दिसत नाही. वर्ष झालं."

झालं बोलून. बाईंना वाटलं होतं जमीन दुभंगेल. तसं काही झालं नाही. मागच्या बाकावर कुणीतरी खोडरबर मागत होतं.

"अगंबाई," वर्गशिक्षिका हळूच म्हणाली. तिने पुढे येऊन बाईंचा हात धरला. पोरगी स्वभावाने चांगली होती. "अहो, जाऊ द्या ना, मॅडम. एवढं काय मनाला लावून घेता! मुलांना कळलंसुद्धा नाही. किती छान काढलंय बघा सगळ्यांनी."

"हिला कळलं होतं."

"चौथीच्या सरांना काय सांगू मग?"

"चौथीला आज पाठवू नका म्हणावं. संस्थेला मी स्वतः फोन करते."

बाई दुसऱ्या बाकापाशी गेल्या आणि गुडघ्यांवर बसल्या, म्हणजे मुलीचा चेहरा पुरता त्यांच्या नजरेत मावला. ती बाकाची कड घट्ट धरून उभी होती.

"तू खरं बोललीस," बाई म्हणाल्या. "एवढ्या सगळ्यांत तू एकटी. मी तुला गप्प केलं, ते माझं चुकलं. आता मला सांग, तुला काय दिसलं होतं?"

मुलीने आधी आपल्या शिक्षिकेकडे पाहिलं. मग आजूबाजूला अजून तशीच रोखलेली दोन-तीन बोटं पाहिली.

"शनी," ती म्हणाली. "आणि त्याचं कडं."

"नाही गं, बाळा. झाकण होतं. कुणालाच दिसणं शक्य नव्हतं."

"मला दिसलं."

"बरं, एक करू या. चल माझ्याबरोबर. झाकण काढलंय मी. तुला एकटीला दाखवते सगळं, खरंखुरं. तुझ्यासाठी एखादा ताराही शोधू."

बाईंनी हात पुढे केला. मुलगी मागे सरली ती मागच्या बाकाला जाऊन टेकली. तिचे डोळे भरून आले होते.

"मला दिसलं, बाई. शप्पथ दिसलं. सगळं दिसलं. मला परत आत नको."

"पण..."

"मला नको, बाई."

"रडायचं नाही हं," वर्गशिक्षिका म्हणाली. "मॅडम रागावल्या नाहीत. बस खाली, चित्र पुरं कर."

मुलगी बसली. तिने बाहीला नाक पुसलं, पिवळा खडू उचलला आणि शेजारच्या मुलाच्या कागदाकडे बघत बघत कडं काढू लागली.